विहिरीत उतरलेला क्रूस

फार फार वर्षांमागं खाडीच्या तोंडाशी खारभाट नावाचं गाव होतं, आणि त्या गावात साल्वू नावाचा विहीर खणणारा आणि इनेस नावाची त्याची बायको राहत होती. गावाच्या तिन्ही अंगांना खारं पाणी आणि चौथ्या अंगाला मिठागरं. पिण्याचं पाणी खाडीपलीकडून होडीनं आणावं लागे, आणि पलीकडच्या गावच्या बायका हंडा भरू देण्याआधी चार शब्द ऐकवत. साल्वूनं गावात जिथं जिथं खणलं, तिथं तिथं खारंच पाणी लागलं. लोक त्याला खारट साल्वू म्हणत. रस्त्यानं जाताना कुणी तरी विचारायचंच, "साल्वूदादा, घरचं मीठ संपलंय, तुझ्या विहिरीतून बादलीभर नेऊ का?" साल्वू हसायचा. इनेस हसायची नाही. ती म्हणायची, "ने की. तुझ्या बोलण्याला थोडी चव तरी येईल."

तर त्या गावाची एक रीत होती. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी दिवस मावळला, की शनिवारी प्रभू उठल्याची, ग्लोरियाची घंटा वाजेपर्यंत गावात लोखंडाचा घाव घालायचा नाही. प्रभूच्या हातापायांत खिळे ठोकले ते शुक्रवारी, म्हणून त्या दिवशी कुणी कुठंही घाव घातला, तर तो पुन्हा त्याच जखमेवर पडतो, असं म्हणतात. म्हणून कुऱ्हाड उचलायची नाही, कोयता चालवायचा नाही, विळीवर भाजी चिरायची नाही. शुक्रवारी घराघरात नुसती पेज. आणि कुणाचा हात चुकून जाऊ नये म्हणून गुरुवारी संध्याकाळी मुकादमाची बैलगाडी दारोदार फिरे आणि गावातलं सगळं लोखंड गोळा करून चर्चमागच्या खोलीत कुलपात ठेवी. बायका पोलक्याला टोचलेली सुईसुद्धा काढून देत.

मुकादमाचं नाव बस्त्याव. चर्चचा कारभार त्याच्याकडं, आणि त्या खोलीची चावी त्याच्या कमरेला. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. तो लहान असताना कुणी तरी पवित्र शुक्रवारी फणसाचा ओंडका फोडला होता. त्याच साली गावात मरी आली. बस्त्यावची आई आणि बहिणी एकाच खड्ड्यात गेल्या. ओंडक्यामुळं मरी आली की मरीला यायचंच होतं, ते देवाला ठाऊक. पण बस्त्यावच्या कानात त्या कुऱ्हाडीचा आवाज जन्मभर राहिला.

ही गोष्ट घडली त्या साली पाद्री लोरेन्सबाबांनी चाळीस दिवसांच्या उपासात साल्वूला नवी विहीर खणायला सांगितली होती. जागा गावाबाहेर, नारळीच्या पलीकडं, जिथून हाक मारली तर चर्चपर्यंत पोचत नाही अशी. जमीन सगळी वाळूची. वाळूत विहीर खणायची म्हणजे खणत जायचं आणि कडेनं फळ्या लावत जायचं, आणि समोरासमोरच्या फळ्या आत येऊ नयेत म्हणून मधे आडवा टेकू ठोकायचा. साल्वूकडं फुटक्या गलबतातून मिळालेल्या दोन लांब पहारी होत्या. त्याच त्यानं आडव्या ठोकल्या होत्या. इनेस वरून दोरानं वाळूची पाटी ओढायची आणि तो खाली खणायचा.

गुरुवारी संध्याकाळी मुकादमाची गाडी विहिरीशी येऊन थांबली.

"साल्वू, त्या पहारी काढ."

"मुकादम, त्यांनी फळ्या धरल्यात. त्या मी मारत नाहीये कुणावर. नुसत्या आडव्या बसल्यात."

"लोखंड ते लोखंड. तुझ्या विहिरी खारट का होतात, विचारलंस कधी स्वतःला?"

हा एकच टोमणा साल्वूला लागायचा. गावात काही जण म्हणतच होते, की ह्याच्या मनात भाव नाही म्हणून ह्याला गोडं पाणी लागत नाही. त्यानं खाली उतरून पहारी काढल्या आणि त्यांच्या जागी हिरवे बांबू दाटून बसवले. इनेसनं पाहिलं. बांबू आत्ताच धनुष्यासारखे वाकले होते. तिनं मुकादमाकडं असं बघितलं की गाडीचे बैलसुद्धा मागं सरकले, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी सगळा गाव चर्चमध्ये गेला. त्या दिवशी घंटासुद्धा मुकी असते, लाकडाचा खटखटा वाजवून लोकांना बोलावतात. इनेस आणि साल्वूही निघाले होते, पण साल्वूचे पाय विहिरीकडं वळले आणि इनेस त्याच्या मागं गेली. बांबू कुरकुरत होते. "एवढा एक टेकू नीट करतो आणि येतो," म्हणून तो दोर धरून खाली उतरला. त्यानं बांबूला हात लावला आणि बांबू मोडला. एका बाजूच्या फळ्या आत आल्या, मागची वाळू धो धो करत कोसळली, आणि क्षणात साल्वू छातीपर्यंत गाडला गेला. समोरच्या फळ्या त्याच्या डोक्यावर झुकून थांबल्या, शेवटच्या एका बांबूवर. तोही तडकत होता.

इनेस काठावर पालथी पडून खाली बघत राहिली.

"इनेस," साल्वू हळूच म्हणाला, जणू मोठ्यानं बोललं तरी फळ्या पडतील. "जा. माणसं आण. काहीतरी आडवं आण."

"मी येईपर्यंत मरायचं नाही."

"बरं."

ती धावली. तिची चप्पल वाळूत राहिली, डोक्यावरचा पदर काट्यात राहिला. अशी ती चर्चच्या दारातून आत शिरली, केस सुटलेले, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि मधल्या वाटेनं सरळ वेदीकडं चालत गेली. पाद्रीबाबा प्रभूच्या शेवटच्या शब्दांवर बोलत होते. त्यांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. लोकांना वाटलं, ही वेडी झाली. बायकांनी पोरांचे डोळे झाकले.

"साल्वू गाडला गेलाय," ती म्हणाली. "मुकादम, पहारी द्या."

बस्त्याव पहिल्या बाकावर होता. तो उभा राहिला. सगळ्या चर्चला वाटलं, आता हा चावी काढेल. पण त्यानं दोन्ही हातांनी कमरेची चावी घट्ट धरली.

"आज नाही, बाय. उद्या ग्लोरियाला उघडतो. आज घाव घातला तर मरी येईल. तू तेव्हा नव्हतीस. मी होतो."

"उद्यापर्यंत तो राहायचा नाही."

बस्त्यावच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण चावी त्यानं सोडली नाही. पुरुष एकमेकांची तोंडं बघत होते. कुणी म्हणालं नारळीचं झाड तोडू, तर तोडायला कुऱ्हाड कुठाय? कुणी म्हणालं होडीची डोलकाठी आणू, तर होड्या ओहोटीला पार तिकडं चिखलात. कुणी म्हणालं बाक नेऊ, तर त्याची फळी बांबूसारखीच मोडली असती.

इनेसनं मान वर केली. वेदीच्या मागं मोठा क्रूस उभा होता, जुन्या सागाचा, काळाभोर. त्यावर प्रभूची माणसाएवढी मूर्ती. दर साली शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर ती मूर्ती खाली उतरवून पांढऱ्या कापडात गुंडाळायची आणि गावातून मिरवायची, म्हणून क्रूसाचा आडवा दांडा खाचेत बसवलेला असे, काढता-घालता येई असा, आणि मूर्तीच्या हातांतले खिळेही लाकडाचेच असत. इनेस त्या आडव्या दांड्याकडं बघत होती. तिनं हात पसरले, दांड्याचं माप डोळ्यांनी घेतलं, आणि म्हणाली, "लाकडाला तर बंदी नाही ना?"

ती काय मागतेय हे कळायला लोकांना थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा अंगावर काटा आला. इनेस शिडीकडं गेली. मूर्ती उतरवायची शिडी बाजूलाच ठेवलेली होती. तिनं ती उचलून क्रूसाला टेकवली आणि पहिल्या पायरीवर चिखलाचा पाय ठेवला. बाईमाणूस, वेदीवर, पवित्र शुक्रवारी!

"पाद्रीबाबा!" बस्त्याव ओरडला. "बघताय काय? उतरवा तिला!"

पाद्री लोरेन्सबाबा म्हातारे होते. ते सावकाश वेदीच्या पायऱ्या चढले. सगळ्यांना वाटलं, आता हे तिचा हात धरून तिला बाहेर काढणार. ते शिडीपाशी आले, वर बघितलं, आणि मागं वळून लोकांना म्हणाले, "उभे काय राहिलात? शिडी धरा."

कुणी हललंच नाही.

"गेल्या रविवारी मी तुम्हाला काय सांगितलं?" पाद्रीबाबा म्हणाले. "शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी कुणाचा बैल विहिरीत पडला तर तो त्याला लगेच वर काढणार नाही का, असं प्रभूनं विचारलं. तुम्ही सगळ्यांनी माना डोलवल्या. मीही डोलवली. आणि आता?"

"बैलाचं वेगळं, बाबा," बस्त्याव म्हणाला. "हा क्रूस आहे."

तेव्हा मागून नातलमाय बोलली. नातलमाय गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. "बस्त्याव, बैल वेगळा हे खरंच रे. साल्वू बैलापेक्षा हलका आहे, लवकर निघेल. सरक बाजूला."

आणि ती काठी टेकत वेदीपाशी जाऊन जमिनीवर बसली, पाय पसरून. पाद्रीबाबांनी मूर्तीच्या एका हाताचा खिळा काढला, इनेसनं दुसऱ्या हाताचा. चार पुरुष रडत रडत पुढं आले आणि त्यांनी मूर्ती खाली घेतली. पांढरं कापड अजून पेटीतच होतं. आता हिला ठेवायची कुठं, असं ते इकडंतिकडं बघू लागले, तर नातलमाय म्हणाली, "इथं द्या, माझ्या मांडीवर. मला काही धावता येत नाही. मी सांभाळते."

मग त्यांनी आडवा दांडा खाचेतून काढला, खांद्यावर घेतला आणि धावत सुटले. पुढं इनेस, मागं दांडा, त्यामागं पाद्रीबाबा झगा वर धरून, आणि मागं सगळा गाव. शुक्रवारची मिरवणूक त्या साली अशी निघाली. कुणी गाणं म्हणत नव्हतं. चर्चमध्ये उरली ती फक्त नातलमाय, आणि तिच्या मांडीवर प्रभू.

विहिरीत साल्वू हनुवटीपर्यंत गाडला गेला होता. शेवटचा बांबू उभा चिरला होता.

"आहेस का?" इनेसनं विचारलं.

"तूच मरू नको म्हणालीस," तो म्हणाला.

ती दोर धरून खाली उतरली. कुणी अडवायच्या आत उतरली. झुकलेल्या फळ्यांना तिनं पाठ लावली आणि पाय समोरच्या फळ्यांत रोवले. वरून दांडा सोडला. तो तिनं साल्वूच्या डोक्यावर आडवा धरला, तर माप केसभर लांब पडलं, दांडा तिरका राहिला, सरळ बसेना. एक टोक ठोकून खाली सरकवायला हवं होतं. हातानं मारून पाहिलं. मुसळ आणलं, पण त्या अरुंद जागेत मुसळ फिरेना. पाहिजे होता तो आखूड दांड्याचा जड घण, लोखंडाचा. सगळ्यांना ते कळलं. सगळ्यांनी बस्त्यावकडं पाहिलं.

बस्त्याव तिथं नव्हता.

तो चर्चकडं धावत सुटला होता. आणि लोक सांगतात, की तो परत आला तेव्हा त्याच्या हातात घण होता आणि तोंड प्रेतासारखं पांढरं होतं. तो कुणाला काही न बोलता दोरावरून खाली उतरला. वर सगळा गाव गुडघ्यांवर बसला आणि प्रत्येकानं कानांत बोटं घातली.

बस्त्यावनं घण उचलला आणि डोळे मिटले.

"डोळे उघडे ठेवून मार, मेल्या," इनेस म्हणाली, "माझा हात आहे तिथं."

त्यानं डोळे उघडले. आणि पवित्र शुक्रवारी, दुपारी, ज्या घटकेला प्रभूनं प्राण सोडला त्याच घटकेला, खारभाटच्या मुकादमानं क्रूसाच्या लाकडावर लोखंडाचा घाव घातला.

आवाज कानांत बोटं घालूनही ऐकू आला. बायका किंचाळल्या. दोघं-तिघं बेशुद्ध पडले. लोकांनी आभाळाकडं पाहिलं, ते काळं होणार म्हणून. जमिनीला हात लावून पाहिला, ती हलणार म्हणून. बस्त्याव दुसरा घाव घालत होता, तिसरा घालत होता, आणि हुंदके देत होता. दांडा खाली सरकत सरकत बसला. घट्ट बसला. फळ्या कुरकुरल्या आणि थांबल्या.

आणि मग खालून एक आवाज आला. सगळे पुन्हा घाबरले. पण तो पाण्याचा होता. असं म्हणतात, की ज्या बाजूनं दांड्यावर घाव पडला, त्या बाजूच्या वाळूतून पाणी उसळलं, आणि जिथं साल्वू गाडला गेला होता तिथली वाळू पेजेसारखी सैल झाली. पाणी चढत चढत साल्वूच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथं थांबलं. इनेस आणि बस्त्याव दोघांनी हातांनी वाळू उपसली. वरच्यांनी दोर ओढला. साल्वू वर आला तो चिखलाचा गोळा होऊन. त्याला काठावर निजवला, तर तो हलेना. इनेसनं त्याचं तोंड धुतलं.

त्यानं डोळे उघडले आणि ओठ चाटले. "गोड आहे," तो म्हणाला.

"काय गोड आहे?" बस्त्यावनं विचारलं. त्याला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं.

"पाणी. इनेस, पाणी गोड आहे."

इनेसनं ओंजळ भरून तोंडाला लावली. मग पाद्रीबाबांनी. मग बस्त्यावनं लावली, आणि ओंजळ तशीच धरून तो वाळूत बसला. त्याच्यानं गिळवेना. तो उठला आणि एकटाच चर्चकडं चालू लागला.

चर्चमध्ये नातलमाय तशीच बसली होती, मूर्तीचं डोकं मांडीवर घेऊन. बस्त्याव दारातच थांबला.

"माय," तो म्हणाला, "मी घाव घातला. किती घातले ते मोजलं नाही. तुझ्याजवळ होता तो. लागलं का गं त्याला?"

नातलमायनं मूर्तीच्या छातीवर हात ठेवला होता. हाक पोचत नसे, पण घावांचा आवाज तिथपर्यंत पोचला होता, एकूण एक.

"नाही रे, पोरा," ती म्हणाली. "एकदाही दचकला नाही."

बस्त्याव तिथंच, दारात, लहान मुलासारखा रडला. मरीच्या सालापासून साठलेलं सगळं तो त्या दुपारी रडला, असं म्हणतात.

तो दांडा पाद्रीबाबांनी पुन्हा बाहेर काढू दिला नाही. "तो जिथं हवा होता तिथं आहे," ते म्हणाले. त्या साली ईस्टरला वेदीमागं नुसता उभा खांब होता, आणि ग्लोरियाची घंटा वाजली तेव्हा लोक त्या खांबाकडं बघून हसत होते आणि रडतही होते. क्रूसाला पुढं नवा दांडा केला. जुना अजून विहिरीत आहे. वैशाखात पाणी खाली गेलं की तो दिसतो, आणि पाणी शेंदणाऱ्या बायका घटकाभर हात थांबवतात. त्या साली मरी आली नाही, आणि पुढंही कधी आली नाही.

आणि साल्वू? त्याला पुन्हा कुणी खारट म्हटलं नाही. त्यानं पुढं खणलेल्या प्रत्येक विहिरीला गोडं पाणी लागलं, आणि पलीकडच्या गावानंसुद्धा होडी पाठवून त्याला विहीर खणायला नेलं. तिथल्या बायकांनी त्याच्यासोबत आलेल्या इनेसला खुर्ची दिली, तर ती म्हणाली, "खुर्ची राहू द्या, आधी आमच्या हंड्यांना काय काय बोललात ते आठवा." मिठागराकडेची त्यांची झोपडी मोडून गावानं विहिरीजवळ त्यांना घर बांधून दिलं, आणि भोवतालची जमीन दिली. तिथं त्यांनी केळी लावल्या, पानवेल लावली, आणि अंगणात पोरं झाली, नातवंडं झाली.

गावात अजूनही गुरुवारी लोखंड गोळा होतं. रीत मोडली नाही. पण त्या सालापासून मुकादम कुलूप लावण्याआधी चर्चच्या दारात उभा राहतो आणि घशाच्या शिरा ताणून विचारतो, "कुणी खाली आहे का रे?" विहिरीत, खाडीत, झाडावर, आजारात, कुठल्याही संकटात असलेल्यासाठी तो विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत चावी फिरवत नाही. कुणी असेल, तर खोली त्या साली उघडीच राहते. गाव मिटल्या तोंडानं उभा असतो, कारण पहिलं उत्तर द्यायचा मान इनेसच्या घराचा. आता त्या घरात इतकी माणसं आहेत की अर्धं अंगण भरतं. ती सगळी, म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत, एका आवाजात ओरडतात, "नाही! आम्ही सगळे वर आहोत!"